कान शाबूत, ऐकणे अर्धवट

जिल्ह्याच्या ठिकाणी कानतपासणीचे शिबिर भरले की तिथून बाहेर पडणाऱ्यांचे तीन गट होतात. मळ काढून, थेंब लिहून देऊन घरी पाठवलेले. कानाची मशीन मिळणार म्हणून नाव नोंदवलेले. आणि ‘दोन्ही कान नॉर्मल’ असा शेरा घेऊन परतणारे. या तिसऱ्या गटाची पुढे कोणी विचारपूस करत नाही. त्यांतले बहुतेक खरोखरच ठणठणीत असतात. काहींच्या बाबतीत मात्र अडचण त्या शेऱ्यापासूनच सुरू होते. तोवर घरच्यांच्या मनात निदान शंका तरी होती, पोराला कमी ऐकू येत असेल का. शेरा मिळाल्यावर शंका संपते आणि निवाडा लागतो: ऐकू येतंय, पण ध्यान देत नाही.

कान शाबूत असून ऐकलेले नीट न उमगणे ही वैद्यकशास्त्राला ठाऊक असलेली अवस्था आहे. तिला केंद्रीय श्रवणप्रक्रिया विकार म्हणतात. श्रवणतज्ज्ञांच्या बोलण्यात तिचे नाव ‘एपीडी’. परभणीसारख्या जिल्ह्यात या विकाराबाबत दोन चुका होऊ शकतात. ज्याला तो आहे त्याला तो नाकारणे ही पहिली, आणि ज्याला नाही त्याच्या कपाळी तो चिकटवणे ही दुसरी. पहिली चूक वर्षानुवर्षे होत आली आहे. दुसरी मोठ्या शहरांतून आणि मोबाइलच्या पडद्यावरून इकडे यायला फार वेळ लागणार नाही. दोन्ही एकदमच ध्यानात घेतल्या नाहीत, तर पहिली दुरुस्त करताना आपण दुसरीत पडू.

शेरा नेमका कशाचा, ते आधी पाहू. ऑडिओमेट्रीत माणसाला शांत, बंद खोलीत बसवतात, हेडफोन लावतात आणि २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे एकेक सूर हळूहळू मंद करत ऐकवतात. सूर ऐकू आला की बटण दाबायचे. साधारण २५ डेसिबलच्या आत सगळे सूर ऐकू आले तर कान नॉर्मल. चाचणी उत्तम आहे आणि गरजेचीही आहे. पण तिला उत्तर मिळते ते एकाच प्रश्नाचे: शांततेत, एकटा सूर, किती मंद असेपर्यंत कळतो? आयुष्यात आपल्याला शांततेतले एकटे सूर क्वचितच ऐकावे लागतात. ऐकावे लागते ते बोलणे, तेही पंख्याच्या, रहदारीच्या आणि दुसऱ्यांच्या बोलण्याच्या गर्दीतून.

या गर्दीतून बोलणे वेगळे काढण्याचे काम कानाचे नव्हे. आतल्या कानातून निघालेला संदेश श्रवणतंतूंवाटे मेंदूच्या देठात शिरतो. तिथे दोन्ही कानांकडून आलेल्या संदेशांची वेळ आणि जोर ताडून पाहिला जातो, आवाज कोणत्या बाजूने आला हे ठरते, आणि पुढच्या ठाण्यांतून तो कानशिलामागच्या मेंदूच्या सालीपर्यंत पोहोचतो. ‘काठ’ आणि ‘गाठ’ या दोन शब्दांतला फरक पहिल्या व्यंजनात आहे, आणि त्या व्यंजनातला मुख्य फरक स्वरतंतू काही दहा मिलिसेकंद आधी थरथरू लागतात की नंतर, एवढाच. हा वेळेचा हिशेब वाटेत कुठे बिघडला, तर आवाज पुरेसा मोठा असूनही शब्द अंधूक राहतो. मशीन लावून आवाज वाढवला की तो अंधूक शब्दच मोठा होतो.

शास्त्राला हे कळायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. १९५४ मध्ये इटलीतल्या एत्तोरे बोक्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या कानशिलाकडील भागात गाठ असलेल्या रुग्णांना मुद्दाम धूसर केलेले बोलणे ऐकवले. साध्या श्रवणचाचणीत हे रुग्ण अडत नव्हते. धूसर बोलण्यात मात्र गाठीच्या विरुद्ध बाजूचा कान मागे पडत होता. १९६१ मध्ये कॅनडात डोरीन किमुरा यांनी दोन कानांत एकाच क्षणी वेगवेगळे अंक सोडून मेंदूच्या दोन बाजूंचा वाटा दाखवला, तर १९६२ मध्ये अमेरिकेत जॅक कॅट्झ यांनी शब्दांची अशीच चाचणी बांधली. ज्या चाचण्यांवर आजचे निदान उभे आहे, त्यांची मुळे इथे आहेत. सुरुवात प्रौढांच्या मेंदूतल्या दिसणाऱ्या इजेपासून झाली आणि मग तीच मोजपट्टी मुलांना लावली गेली, ज्यांच्या मेंदूत छायाचित्रात दिसेल अशी इजा बहुधा नसते. आजच्या अनेक वादांचे मूळ या स्थलांतरात आहे.

आता परभणीकडे वळू. नऊ तालुक्यांचा, २०११ च्या जनगणनेनुसार १८ लाख ३६ हजार वस्तीचा हा जिल्हा. कापूस, सोयाबीन, गोदाकाठचा ऊस, आणि हंगाम संपला की हाताला काम शोधत बाहेर जाणारी माणसे. इथे या विकाराची वाट पाळण्यापासून म्हातारपणापर्यंत कुठे कुठे फुटते, हे टप्प्याटप्प्याने पाहता येते.

पहिला टप्पा जन्माचा. ‘बाळाला कावीळ झाली होती, काचेत ठेवलं होतं,’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. नवजात कावीळ बहुधा निरुपद्रवी असते. पण रक्तातले बिलिरुबिन फार चढले आणि उपचाराला उशीर झाला, तर ते मेंदूत शिरते, आणि त्याचा मारा ज्या जागी विशेष होतो त्यांत मेंदूच्या देठातली श्रवणकेंद्रे येतात. अशा बाळाचा कान आतून शाबूत असू शकतो. कानातला प्रतिध्वनी टिपणारी ओएई ही झटपट चाचणी त्याला ‘पास’ ठरवते, कारण ती कानापुरतेच पाहते. संदेश मेंदूच्या देठापर्यंत सुसूत्र पोहोचतो का, हे बेरा चाचणी सांगते. तंतूंमधल्या या गोंधळाला १९९६ मध्ये अर्नोल्ड स्टार आणि सहकाऱ्यांनी श्रवणचेतातंतूंचा विकार म्हणून वेगळे नाव दिले. काटेकोर वर्गीकरणात तो एपीडीहून निराळा आहे. पण फसगत तीच आहे, यंत्र ‘पास’ म्हणते आणि मूल बोलणे उलगडू शकत नाही. म्हणून अतिदक्षता कक्षात पाच दिवसांहून अधिक राहिलेल्या बाळांची बेरा झालीच पाहिजे, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन २००७ पासून सांगते. इथे निदान चुकले तर पुढची सगळी वर्षे चुकतात.

दुसरा टप्पा वाहत्या कानाचा. सर्दी झाली, कान ठणकला, रात्री फुटला, सकाळी पू आला; कोमट तेलाचे दोन थेंब सोडले, कापसाचा बोळा घातला, आपोआप बरा होईल म्हणून सोडून दिले. गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या भागांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. कोयत्यावरची नवरा-बायकोची जोडी पहाटे फडात जाते, मूल मागे कोपीत, म्हणजे झोपडीत. तिथे वाहता कान दवाखान्यापर्यंत पोहोचणे अवघडच. पहिल्या चार-पाच वर्षांत एक कान दीर्घकाळ मंद राहिला, तर दोन कानांचे संदेश ताडून पाहण्याची जी सवय मेंदूने त्या वयात लावून घ्यायची, ती नीट लागत नाही. पडदा बरा झाल्यावर, ऑडिओमेट्री नॉर्मल आल्यावरही काही मुलांत ही उणीव महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे रेंगाळते. बहुतेकांत ती हळूहळू भरून येते. पण भरून येण्याची ती वर्षे नेमकी पहिली ते चौथीची असतात.

तिसरा टप्पा शाळेचा. दोन इयत्ता एका खोलीत बसलेली, वर पत्रे, शेजारच्या वर्गात पाढ्यांचा गजर, खिडकीखाली ट्रॅक्टर, असा वर्ग डोळ्यांसमोर आणा. गुरुजींचा चढा आवाज एक मीटरवर साधारण ६५ डेसिबल धरला, तर मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की तो ६ डेसिबलने उतरतो. चार मीटरवर तो ५३ च्या आसपास येतो. खोलीच्या भिंती थोडा आवाज परत देतात खरा, पण सोबत घुमारा देतात आणि शब्दांच्या कडा पुसतात. बोलणे सहज समजायला ते गोंगाटाच्या १५ डेसिबल वर असावे, असे श्रवणतज्ज्ञ मानतात. जागतिक आरोग्य संघटनेची अपेक्षा अशी की वर्गातला पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलच्या आत असावा. पत्र्यावर पाऊस पडत असताना हे आकडे वर्गात कोणाला ऐकूही येणार नाहीत. मोठ्या माणसाचा मेंदू अर्धवट ऐकलेले वाक्य अनुभवाने पुरे करतो. आठ वर्षांच्या मुलाकडे तो साठा नसतो. गोंगाटातून बोलणे वेगळे काढण्याची क्षमता बारा-तेरा वर्षांपर्यंत पिकत राहते. म्हणजे ज्या वयात ती कच्ची असते, त्याच वयात आपण मुलांना सर्वांत गोंगाटी खोल्यांत बसवतो.

अशा वर्गात एपीडी असलेले मूल ओळखू येते ते त्याच्या सवयींवरून. ते ‘हं? काय म्हणले?’ असे वारंवार विचारते. ‘वही काढ, पान अकरा उघड, तिसरं गणित सोडव’ या तीन सूचनांतली पहिली किंवा शेवटचीच पाळते. श्रुतलेखनात ‘ताट’ला ‘टाट’ लिहिते. फळ्यावरचे पाहून उतरवायला सांगा, बरोबर उतरवते. घरी, एकट्याशी, समोर बसून बोललात तर सगळे कळते. या शेवटच्या गोष्टीमुळेच ते बदनाम होते: ‘घरी कळतं, मग शाळेत का नाही? नाटकं करतो.’ मग ‘ढ’ हा शिक्का बसतो आणि पाचवी-सहावीपर्यंत मूल स्वतःच त्यावर विश्वास ठेवू लागते.

इथपर्यंतचे वाचून कोणी म्हणेल, मग सगळ्या मुलांची चाचणी करून टाकू. इथेच थांबायला हवे. कारण वर दिलेली प्रत्येक खूण दुसऱ्या कारणानेही दिसू शकते. लक्ष टिकत नसेल, भाषेचा विकास मागे असेल, वाचनाचा विशिष्ट दोष असेल, रात्रीची झोप पुरत नसेल, रक्त कमी असेल, किंवा शाळेची भाषा घरची नसेल, तरी मूल असेच वागते. जिंतूरकडच्या तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते, परभणीच्या जुन्या वस्तीतले मूल दखनी. पहिलीत त्यांच्या कानावर पुस्तकी मराठी पडते तेव्हा ती त्यांच्यासाठी अर्धी परकी असते. त्यांच्या मेंदूतली श्रवणवाट निकोप असते, फक्त तिच्यावरून येणारा माल नवा असतो.

चाचणी जवळून पाहिली की ही अडचण स्पष्ट होते. मुलाच्या डाव्या कानात ‘दोन-आठ’ आणि त्याच क्षणी उजव्या कानात ‘पाच-तीन’ असे अंक सोडतात. त्याने चारही सांगायचे. उजवा कान थोडा पुढे असणे स्वाभाविक आहे, कारण त्याचा संदेश भाषा सांभाळणाऱ्या डाव्या मेंदूकडे थेट जातो. डाव्या कानाचा संदेश दोन अर्धगोलांमधला पूल ओलांडून येतो. हा पूल पिकायला वेळ लागतो, म्हणून सातव्या वर्षाआधी या चाचण्यांवरून निदान करत नाहीत. आता इंग्रजीतल्या या चाचणीत ‘सेव्हन’ वगळलेला असतो, कारण बाकीचे अंक उच्चारात एका अक्षराचे (सिलॅबलचे) आणि तो दोन अक्षरांचा. मराठीत उतरवताना हीच अडचण ‘सहा’ आणि ‘नऊ’ यांची. कोणते अंक ठेवायचे, कोणाच्या आवाजात, कोणत्या हेलात, आणि मराठवाड्यातल्या आठ वर्षांच्या निरोगी मुलांना त्यात सरासरी किती गुण पडतात, हे आधी ठरवल्याशिवाय एका मुलाच्या गुणांना काही अर्थ येत नाही. दुसऱ्या चाचणीत सरसर आवाजामधली काही मिलिसेकंदांची शांतता ओळखायची असते. तिसरीत उंच-नीच सुरांचा क्रम सांगायचा असतो. या दोन भाषेवर फारशा अवलंबून नाहीत, म्हणून आपल्याकडे अधिक उपयोगाच्या. पण त्यांनाही लक्ष लागते, आणि उपाशीपोटी, पहाटेच्या गाडीने आलेल्या मुलाकडे ते फार वेळ शिल्लक नसते.

एपीडीच्या निदानाबद्दल जगातल्या तज्ज्ञांतही एकवाक्यता नाही, आणि हे लपवून ठेवणे बरे नव्हे. २०१० मध्ये ब्रिटनमधल्या डेव्हिड मूर यांच्या गटाने ६ ते ११ वर्षांच्या १,४६९ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ऐकण्याच्या तक्रारींचा संबंध आवाजाच्या बारकाव्यांपेक्षा लक्ष आणि आकलनशक्ती यांच्याशी जास्त आहे, असे त्यांना आढळले. २०१३ मध्ये वेन विल्सन आणि वेंडी आर्नॉट यांनी एपीडीची शंका असलेल्या १५० मुलांच्या जुन्या निकालांवर नऊ वेगवेगळे निकष लावून पाहिले. निकषानुसार विकार असलेल्यांचे प्रमाण ७.३ टक्क्यांपासून ९६ टक्क्यांपर्यंत बदलले. मुले तीच, गुण तेच. ज्या निदानाचा निकाल मोजणाऱ्याच्या पसंतीवर इतका हेलकावतो, ते निदान देताना हात जरा आखडता असलेलाच बरा.

याचा अर्थ विकार खोटा आहे असा नाही. बोक्कांचे रुग्ण खरे होते, काविळीने पोळलेली बाळे खरी आहेत. अर्थ एवढाच की, मधल्या मोठ्या धूसर पट्ट्यात निदान हे एका चाचणीचे काम नाही. अमेरिकेतल्या वाक्-श्रवण संघटनेने २००५ मध्ये मांडलेला आणि पुष्कळ ठिकाणी वापरला जाणारा निकष असा: दोन किंवा अधिक चाचण्यांत त्या वयाच्या सरासरीपेक्षा दोन प्रमाण विचलने खाली गुण, आणि त्याला वागणुकीतल्या तक्रारींची साथ. सोबत भाषा, वाचन, लक्ष आणि बुद्धी यांची तपासणी. हे एका माणसाचे काम नाही आणि एका सकाळचेही नाही. मोबाइलवरच्या दहा मिनिटांच्या खेळातून एपीडी सांगणारा कोणी भेटला, तर त्याच्यापासून दूर राहावे.

मोठ्यांच्या बाबतीत चित्र आणखी दुर्लक्षित आहे, कारण त्यांच्यासाठी शाळेतला शिक्षकही नसतो. मानवत, सेलू, परभणी ही कापसाची गावे. जिनिंगमध्ये हंगामभर यंत्रांच्या धडधडीत काम करणाऱ्यांना कानात बोळे घालण्याची सवय नाही. २००९ मध्ये शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवर दाखवून दिले की मोठ्या आवाजानंतर श्रवणाची पातळी पूर्ववत होऊनही कान आणि तंतू यांच्यामधले सांधे कायमचे गळून पडू शकतात. माणसांत हे कितपत घडते यावर संशोधन चालू आहे, पण गोंगाटात बोलणे न उमगण्याची तक्रार आणि नॉर्मल ऑडिओग्राम हे जोडपे जिनिंगच्या कामगारात दिसले तर ते उडवून लावू नये. फवारणीचेही तसेच. ब्राझीलमधल्या कीटकनाशके हाताळणाऱ्या कामगारांत केंद्रीय श्रवणचाचण्या बिघडलेल्या आढळल्या आहेत. २०१७ च्या खरिपात यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले तेव्हा मृत्यूंची चर्चा झाली. जे वाचले त्यांच्या मज्जासंस्थेची पुढची कहाणी बातमीत फारशी आली नाही. कपाशीच्या पट्ट्यात हा प्रश्न परक्या देशाचा राहत नाही.

अपघातात डोक्याला मार लागलेले, पक्षाघात झालेले, क्षयरोगाचा मेंदूज्वर होऊन गेलेले, यांच्यातही ऐकण्याची वाट तुटते. पक्षाघातानंतर माणूस आवाज ऐकतो, वळून पाहतो, पण बोललेले कळत नाही; घरचे म्हणतात, डोक्यावर परिणाम झाला. लहान मुलांत याचे एक तातडीचे रूप आहे. नीट बोलणाऱ्या-समजणाऱ्या तीन ते आठ वर्षांच्या मुलाला काही दिवसांत किंवा आठवड्यांत बोलणे समजेनासे झाले, तर तो १९५७ मध्ये वर्णन झालेला लँडाउ-क्लेफनर हा फिट्‌सशी निगडित आजार असू शकतो. झटके दिसले नाहीत तरी मेंदूचा विद्युत आलेख काढावा लागतो. इथे देवऋषी, नवस किंवा नुसती स्पीच थेरपी यांत वेळ घालवू नये, मेंदूविकारतज्ज्ञ गाठावा.

म्हातारपणी दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात. कान मंदावतो आणि मेंदूची उलगडण्याची गतीही. म्हणून आजोबांची मशीन देवळीत पडून राहते: ‘आवाज येतो, पण शब्द फुटत नाही.’ ही कुरकुर नसते, अचूक वर्णन असते. अमेरिकेत जॉर्ज गेट्स यांच्या दीर्घ पाहणीत केंद्रीय श्रवणचाचण्यांत फार मागे पडणाऱ्या वृद्धांत पुढे स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अधिक आढळले. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे जे १४ टाळता येण्याजोगे धोके मोजले, त्यांत श्रवणऱ्हास आहे. इथेही दोन्ही बाजूंनी चूक होते. केवळ ऐकण्यामुळे गोंधळणाऱ्या आजीला ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून दिले जाते. आणि खरोखर सुरू झालेला स्मृतिभ्रंश ‘ऐकू येत नाही, वयच झालं’ म्हणून लपतो. वृद्धाची स्मरणशक्ती तोंडी प्रश्नांनी तपासण्याआधी त्याला प्रश्न ऐकू आला आणि समजला का, एवढे तरी पाहावे.

कायदा या सगळ्याकडे डेसिबलच्या खिडकीतून पाहतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यात दोन्ही कानांत ७० डेसिबल ऱ्हास म्हणजे बहिरेपणा, ६० ते ७० म्हणजे अल्पश्रवण. एपीडी असलेल्याचा ऱ्हास शून्याजवळ. युडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राच्या रांगेत तो उभाच राहू शकत नाही. विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत मात्र ‘संवेदनबोधातील दोष’ अशा अर्थाचा उल्लेख आहे आणि त्या वाटेने काही मुलांना परीक्षेतल्या सवलती मिळू शकतात. पण ती वाट मानसशास्त्रीय चाचण्या आणि प्रमाणपत्र देणारी मोठी रुग्णालये यांच्यातून जाते. परभणीच्या पालकांसाठी तिचा अर्थ मुंबईला जाणारी देवगिरी किंवा तपोवन एक्स्प्रेस, बुडालेली मजुरी आणि पुन्हा एक तारीख.

उपचारांचे काय? औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. कोणी गोळी दिली तर ती या विकाराची नव्हे. उपचाराचे तीन पदर आहेत. पहिला परिसर सुधारण्याचा: जवळ बसवणे, तोंड दिसेल असे बोलणे, सूचना तोडून देणे आणि लिहून दाखवणे, खोलीतला घुमारा कमी करणे, आणि जमल्यास शिक्षकाच्या गळ्यात माइक व मुलाच्या कानात रिसीव्हर असे बिनतारी यंत्र. पुराव्याच्या दृष्टीने हाच पदर सर्वांत भक्कम. दुसरा सरावाचा: दोन कानांच्या संदेशांचे संतुलन, सुरांचे क्रम, गोंगाटातले बोलणे यांचा श्रवणतज्ज्ञाच्या देखरेखीखाली नेमका सराव. जिथे उणीव नेमकी ठाऊक आहे तिथे त्याचा लाभ दिसतो. तिसरा भरपाईचा: शब्दसंपदा, वाचन, न समजल्यास विचारण्याची हिंमत.

सरावाच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या महागड्या संगणकीय कार्यक्रमांबाबत सावध राहावे. २००८ मध्ये रोनाल्ड गिलम आणि सहकाऱ्यांनी २१६ मुलांना चार गटांत वाटून एका नावाजलेल्या कार्यक्रमाची परीक्षा घेतली. त्याने मुले सुधारली. पण साध्या शैक्षणिक खेळांच्या गटातली मुलेही तेवढीच सुधारली. गाळलेले संगीत ऐकवून मेंदू ‘दुरुस्त’ करणाऱ्या पद्धतींना तर अमेरिकेच्या वाक्-श्रवण संघटनेने २००४ मध्येच शास्त्रीय आधार नाकारला आहे. जमीन गहाण टाकून असा कोर्स घेणाऱ्या बापाला हे कोणीतरी आधी सांगायला हवे.

जिल्ह्याला झेपेल असे काय आहे? राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्या आणि शाळांत जातात. म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थेत आशा यतिराज यांनी शिक्षकांसाठी बारा प्रश्नांची एक साधी प्रश्नावली तयार केली आहे. ती मराठीत आणून, आपल्या मुलांवर पडताळून, तिसरी-चौथीच्या गुरुजींकडून भरून घेता येईल. परभणीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे दोन वाहिन्यांचा ऑडिओमीटर, खरोखर शांत खोली आणि या कामाचे शिक्षण घेतलेला श्रवणतज्ज्ञ असला, तर धूसर पट्ट्यातल्या मुलांना मुंबई गाठावी लागणार नाही. मुंबईच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेसारख्या ठिकाणी मराठवाड्यातल्या मुलांचे मराठी आणि दखनी मापदंड ठरवण्याचे काम व्हावे. अतिदक्षतेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बाळाच्या कार्डावर बेराची तारीख लिहिलेली असावी. आणि ऑडिओमेट्रीच्या शेऱ्यात ‘शांततेत नॉर्मल, गोंगाटातले ऐकणे तपासलेले नाही’ अशी एक प्रामाणिक ओळ असावी. तिला खर्च नाही.

पण क्रम पाळला पाहिजे. पुढे पाठवायला जागा नसताना हजारो मुलांची चाळणी लावली, तर हाती उरतील ते फक्त शिक्के. ‘ढ’ जाऊन ‘एपीडी’ आला, तर मुलाच्या पदरात काहीच पडलेले नसेल. निदानात चूक होऊ शकते, निकष बदलू शकतात, चाचण्यांचे मराठी रूप यायला वर्षे लागतील. वाहता कान वेळेत बरा करणे, दोन इयत्तांमध्ये भिंत घालणे, पत्र्याखाली छत टाकणे, गुरुजींनी मुलांकडे तोंड करून बोलणे, यांना मात्र कोणत्याही निदानाची वाट पाहावी लागत नाही. ज्याला विकार आहे त्याला यांचा उपयोग होईल, ज्याला नाही त्यालाही होईल, आणि आपला अंदाज चुकला तरी कोणाचे नुकसान होणार नाही. जिल्हा नियोजनातला पहिला रुपया या कामांवर पडावा, दुसरा श्रवणतज्ज्ञावर, आणि चाळणीचा नंबर त्यानंतर लागावा.